पटवर्धन, चिंतामणराव आप्पासाहेब

(सु. १७७६ – १५ जुलै १८५१). उत्तर पेशवाईतील एक प्रमुख सरंजामदार, सांगली संस्थानचा संस्थापक व पहिला अधिपती. पेशव्यांचा लष्करी चाकर म्हणून त्याची कारकीर्द सुरू झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या छत्राखालील संस्थानिक म्हणून ती संपली. या दोन अवस्थांच्या दरम्यान मराठी राज्य लयास गेले. त्या स्थित्यंतरात अनेक मातब्बर घराणी नामशेष झाली किंवा पेन्शनीवर जगू लागली. चिंतामणरावाने मात्र आपल्या जमिनीचा एक हिस्सा देऊन उरलेला हिस्सा चाकरीच्या अटीतून मोकळा करून घेतला. सेवेच्या मोबदल्यात मिळालेला सरंजाम वंशपरंपरागत संस्थानात कसा रूपांतरित झाला आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हे समजण्यास त्याचे चरित्र हे एक बोलके उदाहरण आहे.

घराण्याची पार्श्वभूमी : पटवर्धन घराण्याचा मूळ पुरुष हरभट हा रत्नागिरी जिल्ह्यातील कोतवडे गावचा. तो इचलकरंजीकर घोरपडे यांचा उपाध्याय होता. घोरपडे घराण्याचा पेशव्यांशी शरीरसंबंध जडल्यामुळे हरभटाच्या मुलांना पुण्याच्या दरबारात प्रवेश मिळाला आणि गोविंद हरी, रामचंद्र हरी व त्रिंबक हरी हे तिघे बंधू लष्करी सेवेत पुढे आले. माधवराव पेशव्याच्या कारकीर्दीत, १७६४ च्या सुमारास, गोविंद हरी व त्याचे पुतणे परशुराम रामचंद्र आणि नीळकंठ त्रिंबक यांना मिळून सु. ८,००० स्वारांच्या खर्चासाठी मोठा सरंजाम लावून देण्यात आला. कृष्णा, वारणा, मलप्रभा व तुंगभद्रा या नद्यांच्या खोऱ्यांत तो विखुरलेला होता. दक्षिणेकडून हैदर अलीला आणि जवळून कोल्हापूरकरांना शह देणे, हा पटवर्धनांना या मुलखात बसविण्यामागील पेशव्यांचा हेतू होता. मिरज, तासगाव व कुरुंदवाड ही या घराण्याची ठाणी झाली.

सरंजाम आणि इनाम यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. इनाम जमीन सामान्यतः कायमची व करमुक्त असे. सरंजाम म्हणजे सरकारी महसुलाची नेमणूक. तीत सरदाराच्या स्वतःच्या निर्वाहाचा भाग (जात) व पथकाच्या खर्चाचा भाग (फौज) असे दोन भाग असत. चाकरी होत असेतोवर सरंजाम चालावा आणि चाकरी चुकल्यास तो जप्त व्हावा, असा सिद्धांत होता. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरंजाम बापाकडून मुलाकडे जाऊ लागले होते. मात्र प्रत्येक वारसाला पेशव्यांची मान्यता व नजराणा यांची आवश्यकता असे. सिद्धांत आणि वहिवाट यांतील ही तफावत चिंतामणरावाच्या साऱ्या राजकारणाच्या मुळाशी आहे.

पूर्वायुष्य : गोविंद हरी १७७१ मध्ये मरण पावला. त्याच्यामागून वामनराव व नंतर पांडुरंगराव यांनी मिरजेची सरदारकी चालविली. १७७७ च्या सुमारास धारवाडजवळील सावशीच्या लढाईत हैदरच्या सैन्याने पटवर्धनांचा पराभव केला. कोन्हेरराव पटवर्धन धारातीर्थी पडला व पांडुरंगराव कैद झाला. श्रीरंगपट्टण येथे कैदेतच त्याचा अंत झाला. चिंतामणराव हा या पांडुरंगरावाचा पुत्र. पांडुरंगरावानंतर सरदारकीवर आलेला हरिहररावही १७८२ मध्ये वारल्यामुळे सहा-सात वर्षांच्या चिंतामणरावाकडे सरदारकी आली आणि त्याचा चुलता गंगाधरराव कारभार पाहू लागला.

चिंतामणराव वयात येईपर्यंत पुण्याच्या राजकारणाची घडी विस्कटली होती. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७९५) गादीचा तंटा माजला. घराण्यातील सर्वांत पराक्रमी पुरुष परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध पट्टणकुडीच्या लढाईत मारला गेला आणि १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणीसही कालवश झाला. पटवर्धनांचा दरबारातील आधार अशा रीतीने सहा महिन्यांच्या आत नाहीसा झाला. दुसरा बाजीराव या घराण्याचा वैरी होता. आपला पिता रघुनाथराव याला पटवर्धनांनी केलेला विरोध तो विसरला नव्हता. त्याच वर्षी धोंडजी वाघ याने कर्नाटकात धुमाकूळ घातला. त्याच्यावर चालून गेलेल्या मराठी फौजेत चिंतामणराव होता. जून १८०० मधील चकमकीत धोंडोपंत गोखले ठार झाला व चिंतामणराव जखमी झाला. पुढे सप्टेंबरमध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने धोंडजीचा नाश केला. कंपनीच्या कवायती फौजेचे सामर्थ्य चिंतामणरावाला अशा प्रकारे तरुणपणीच जवळून पाहावयास मिळाले.

सांगलीची स्थापना : चुलता-पुतण्यांमधील कलह याच सुमारास विकोपास गेला. गंगाधरराव कारभार सोडण्यास तयार नव्हता. अखेर १८०१ मध्ये वाटणी होऊन मिरजेचा किल्ला व त्याखालील मुलूख गंगाधररावाकडे राहिला आणि सु. सहा लाख रुपयांहून अधिक उत्पन्नाचा मोठा हिस्सा चिंतामणरावाकडे आला. त्याने कृष्णाकाठच्या सांगली या लहानशा गावी आपले ठाणे केले. तेथे गणेशदुर्ग हा भुईकोट बांधला, पेठा वसविल्या. नव्या राजधानीस जुन्या मिरजेसारखी परंपरा नव्हती. तेव्हा तिला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्याने आपल्या कुलदैवताचा, गणपतीचा, आश्रय घेतला. कृष्णेच्या काठी १८११ मध्ये सुरू झालेले काळ्या पाषाणातील गणपती मंदिर पूर्ण होण्यास सु. तीस वर्षे लागली. मध्यभागी गणपती आणि भोवती चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्यनारायण व लक्ष्मीनारायण अशी या पंचायतनाची रचना आहे. त्यातील दोन देवतांच्या नावांत संस्थापकाचे नाव गुंफलेले आढळते.

वसईच्या तहानंतर (डिसेंबर १८०२) बाजीरावाला गादीवर पुन्हा बसविण्यासाठी वेलस्ली म्हैसूरहून पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याचा मार्ग पटवर्धनांच्या मुलखातून होता. पटवर्धन सरदारांनी त्याला साथ दिली व ते त्याच्याबरोबर पुण्यास गेले. या साहाय्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा थेट संबंध जडला. बाजीरावाला हे रुचले नाही. पुढील आठ-नऊ वर्षे दक्षिणेकडील सरंजामदारांचे मुलूख काढून घेण्याचा त्याने सतत प्रयत्न केला, तर सरदारांनी पेशव्याची चाकरी शक्य तेवढी टाळली.

पंढरपूरचा करार : या वादात १८१२ मध्ये पुण्याचा रेसिडेंट मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने मध्यस्थी केली. पंढरपूर येथे झालेल्या करारान्वये सरदारांनी पूर्वीच्या प्रथेप्रमाणे पथकासह पेशव्याची चाकरी करावी, सनदेवाचून दाबलेला मुलूख सोडावा, पेशव्याने मागील अपराध उकरून काढू नयेत आणि चाकरी होत असेतोवर त्यांच्या सरंजामास कंपनीची हमी असावी, असे ठरले. वरकरणी या कराराने पेशव्याचा अधिकार पुनःस्थापित झाला. परंतु सरंजामाच्या रक्षणासाठी धन्याच्या मर्जीऐवजी परक्या सत्तेच्या हमीवर विसंबण्यास सरदारांना याच कराराने शिकविले. पेशवाईच्या अस्ताची एक पायरी पंढरपूरच्या करारात ओलांडली गेली, असे म्हणता येईल. चिंतामणरावाच्या बाबतीत तर या कराराला दुहेरी महत्त्व आहे. त्याने मुलूख राखला. पण चाकरीचे बंधन लेखी स्वरूपात त्याच्यावर पुन्हा लादले गेले.

१८१७–१८ चे युद्ध : नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईने अखेरचे इंग्रज-मराठे युद्ध सुरू झाले. पटवर्धनांची पथके प्रारंभी पेशव्याच्या बाजूस होती. तथापि बाजीरावासाठी सर्वस्व पणाला लावण्याची त्यांची वृत्ती नव्हती. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला कंपनीच्या हाती आल्यावर एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून बाजीरावाची सत्ता संपल्याचे घोषित केले, साताऱ्याच्या छत्रपतींसाठी राज्याचा एक भाग राखून ठेवण्याचे जाहीर केले आणि वतने, इनामे व देवस्थाने पूर्ववत चालतील असे आश्वासन दिले. बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतणाऱ्यांना अभय देण्यात आले. त्याच महिन्यात अष्टी येथे बापू गोखले मारला गेला व छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर पटवर्धन सरदार पेशव्यापासून अलग होत गेले.

१८१९ चा तह : युद्धानंतर जहागीरदारांची व्यवस्था लावताना कंपनीने दोन गट पाडले. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे नाईक निंबाळकर, जतचे डफळे व अक्कलकोटचे भोसले यांना नव्याने निर्माण केलेल्या सातारा राज्याच्या अखत्यारात ठेवण्यात आले. पटवर्धनांशी मात्र कंपनीने स्वतंत्र तह केले. पूर्वी पेशव्याला द्यावयाच्या पथकांपैकी सु. चतुर्थांश पथक त्यांनी कंपनीसाठी ठेवावे, अशी मागणी होती. बहुतेक शाखांनी ती मान्य केली.

चिंतामणरावाने ती मान्य केली नाही. त्याच्या वाट्यास ४५० स्वार येत होते. पथकासह कंपनीची चाकरी करण्याऐवजी त्याने वार्षिक १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याची तयारी दर्शविली आणि १८१९ च्या तहात तीच अट ठरली. जुनी हुबळी व तिच्या भोवतीची गावे या व्यवस्थेत कंपनीकडे गेली. त्याच्या उत्पन्नाचा हा सुमारे पाचवा हिस्सा होता. या निर्णयाचा अर्थ दोन प्रकारे लावण्यात येतो. पेशव्याच्या ध्वजाखाली लढलेल्या सरदाराने परक्या अंमलदाराच्या हुकुमाखाली स्वारी करणे त्यास अपमानास्पद वाटले, हा एक अर्थ. दुसरा अर्थ व्यवहाराचा आहे : पथकाची हजेरी, घोड्यांची तपासणी आणि गैरहजेरीबद्दलची कपात यांतून सरंजामात हस्तक्षेप करण्यास वरिष्ठ सत्तेला सदैव वाव मिळत असे, पेशव्यांच्या अमलात त्याचा कटू अनुभव आलेला होता. मुलूख तोडून दिल्याने उत्पन्न घटले, पण चाकरी चुकल्याचे निमित्त कायमचे नाहीसे झाले. हे दोन्ही हेतू परस्परविरोधी नाहीत. मानाची भावना आणि मालमत्तेची चिंता या दोन्ही गोष्टी त्याच्या वर्गातील पुरुषाच्या ठिकाणी एकवटलेल्या होत्या.

जित प्रदेशातील जमीनदारवर्गाचे हक्क राखून त्याची निष्ठा मिळविण्याचे धोरण ब्रिटिशांनी अन्यत्रही अवलंबिले होते. कॅनडातील फ्रेंच वसाहत १७६३ मध्ये त्यांच्या ताब्यात आली, तेव्हा तेथील सेन्योर या जमीनदारांची सरंजामी धारणा त्यांनी चालू ठेवली आणि १७७४ च्या क्वीबेक कायद्याने फ्रेंच दिवाणी कायद्यास मान्यता दिली. या वर्गातील काही जण पुढे वसाहतीच्या विधिमंडळात बसले. तेथील सरंजामी धारणा १८५४ मध्ये कायद्याने रद्द झाली. दक्षिण महाराष्ट्रातील सरदारांना असे विधिमंडळ लाभले नाही. राजकारण करावयाचे ते तहनामे, खलिते आणि पोलिटिकल एजंटाच्या भेटी यांच्या द्वारे. चिंतामणरावाची मुत्सद्देगिरी याच मर्यादेत वावरली.

कंपनीच्या अमलातील कारकीर्द : १८१९ नंतरची बत्तीस वर्षे त्याने सांगलीचा कारभार पाहण्यात घालविली. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी अशा एकमेकांपासून दूर असलेल्या तालुक्यांत त्याचे संस्थान विभागलेले होते. त्यांपैकी शहापूर हे बेळगावला लागून, तर शिरहट्टी तुंगभद्रेच्या बाजूस होते. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणारी प्रजा त्यात होती. सरंजाम नेमून देताना पेशव्यांनी महसुलाचा हिशेब पाहिला होता, राज्याची सलगता पाहिली नव्हती. हा दोष संस्थानच्या अखेरपर्यंत टिकून राहिला.

या काळात साताऱ्याचे दैव फिरले. प्रतापसिंहांचा १८१९ च्या तहातील अटींवरून, विशेषतः जहागीरदारांवरील अधिकारावरून, कंपनीशी वाद झाला. त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले व तेथे अनेक वर्षे झगडले. पण त्यांना यश आले नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशी येथे वारले. त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये निधन पावल्यावर लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा राज्य खालसा केले. खुद्द पटवर्धनांची तासगाव शाखा औरस वारसाच्या अभावी १८४८ मध्ये संपुष्टात आली. याउलट १८४४ मधील कोल्हापूरकडील गडकऱ्यांच्या बंडाच्या वेळी चिंतामणराव कंपनीशी एकनिष्ठ राहिला. १८४६ मध्ये त्याच्या निष्ठेच्या व थोर चारित्र्याच्या गौरवार्थ कंपनीने त्यास तलवार अर्पण केली. या भेटीत काळाचा उपरोध दडलेला आहे. कंपनीसाठी तलवार धरावी लागू नये म्हणून ज्याने पाचव्या हिश्शाचा मुलूख सोडला, त्यालाच तिने मानाची तलवार दिली आणि ती केवळ दरबारी शोभेची होती.

नाट्यकलेस आश्रय : चिंतामणरावाच्या नावाचा महाराष्ट्राला आज जो परिचय आहे, तो मुख्यतः मराठी रंगभूमीच्या संदर्भात. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली व तिचे खेळ दरबारात झाले. त्या धर्तीवर, परंतु अधिक सुसंस्कृत असे खेळ मराठीत रचावेत, अशी आज्ञा चिंतामणरावाने आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना केली. भावे यांनी पदे रचली, पात्रे जमविली, वेषभूषेची सामग्री सिद्ध केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे सीतास्वयंवर या आख्यानाचा प्रयोग झाला. मराठी नाटकाचा आरंभ येथून मानण्याची प्रथा असून हा दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या-अठराव्या शतकांत मराठी नाटके लिहिली होती. पण महाराष्ट्रातील व्यावसायिक रंगभूमीची सलग परंपरा सांगलीच्या या प्रयोगापासून सुरू होते.

हा आश्रय आणि १८१९ चा तह यांचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. फौजेचा खर्च नाहीसा झालेल्या, पण दरबार टिकून राहिलेल्या संस्थानात पैसा व प्रतिष्ठा खर्च करण्याची क्षेत्रे बदलली. मोहिमांची जागा मंदिर, पेठ, कीर्तन व नाटक यांनी घेतली. त्याच वेळी या आश्रयाचे दौर्बल्यही उघड होते. तो एका व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून होता. चिंतामणरावाच्या मृत्यूनंतर नव्या कारभारात भावे यांच्या मंडळीस पूर्वीचे साहाय्य मिळेना व खेळांपायी झालेले कर्ज फेडण्यासाठी त्यांना नाटक गावोगाव न्यावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईस प्रयोग केले. तिकीट काढून नाटक पाहणारा प्रेक्षक या गरजेतून निर्माण झाला. दरबारी आश्रयाने नाटकाला जन्म दिला आणि तो आश्रय तुटल्यामुळे नाटक लोकांपर्यंत पोहोचले.

अखेर व वारसा : चिंतामणराव १५ जुलै १८५१ रोजी मरण पावला. १८३८ मध्ये जन्मलेला त्याचा पुत्र धुंडिराजराव ऊर्फ तात्यासाहेब हा त्याच्यामागून गादीवर आला. औरस वारस असल्यामुळे सांगलीवर तासगावसारखा प्रसंग ओढवला नाही. १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि मुंबई इलाख्यातील हजारो इनामदारांना आपल्या सनदा पुराव्यानिशी सिद्ध कराव्या लागल्या. दक्षिण मराठा मुलखातील असंतोषाचे ते एक प्रमुख कारण ठरले. तहाने बांधलेल्या सांगलीसारख्या संस्थानांना ती झळ त्या प्रमाणात लागली नाही. धुंडिराजरावाच्या निधनानंतर (१९०१) दत्तक आलेले दुसरे चिंतामणराव (१८९०–१९६५) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य केले आणि संस्थानिकांचे एक प्रतिनिधी म्हणून ते लंडनच्या गोलमेज परिषदेस उपस्थित राहिले. सु. १,११२ चौ. मैल (सु. २,८८० चौ. किमी.) क्षेत्रफळाचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. सांगली हे १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले आणि १९६० मध्ये जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले.

मूल्यमापन : चिंतामणराव हा परशुरामभाऊप्रमाणे मोठा सेनानी नव्हता, की प्रतापसिंहांप्रमाणे हक्कासाठी सर्वस्व गमावणारा राजाही नव्हता. आपल्या घराण्याचा मुलूख व मान राखणे हे त्याचे मर्यादित ध्येय होते आणि ते त्याने साधले. पेशव्याविरुद्ध कंपनीची हमी स्वीकारणाऱ्या सरदारांत तो होता. त्यामुळे मराठी राज्याच्या विघटनाच्या जबाबदारीतून त्याला सर्वस्वी मुक्त करता येत नाही. तथापि बाजीरावाने आपल्याच सरदारांचा विश्वास गमावला होता, हेही विसरून चालणार नाही. चाकरी नाकारताना त्याने जो मुलूख सोडला त्यातील रयतेचे मत कोणी विचारले नव्हते. सरंजामदार आणि कंपनी या दोघांच्याही दृष्टीने गावे ही उत्पन्नाच्या आकड्यांपुरतीच होती. सरंजामी राजकारणाची ही मर्यादा त्याच्या यशातही स्पष्ट दिसते. त्याने जिवापाड राखलेला मुलूख शंभर वर्षांच्या आतच लोकराज्यात विलीन झाला. त्याने वसविलेले नगर आणि त्याच्या आज्ञेने रचलेल्या खेळातून वाढलेली रंगभूमी या दोन गोष्टी मात्र त्याच्या संस्थानाहून अधिक टिकाऊ ठरल्या.